कुठल्या देशात कसलं सरकार, कसली अर्थव्यवस्था, हे ओळखायचं कसं

भाचीने परवा विचारलं, मामा, लोकशाहीच्या उलट कम्युनिझम ना? हा घोळ तिचा एकटीचा नाही, फॅमिली ग्रुपवर भांडणारे अर्धे काका पण हेच करतात. तर आधी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे लिहा 'सत्ता कोणाकडे', उजवीकडे 'मालकी कोणाची, भाव कोण ठरवतं'. लोकशाही, राजेशाही, हुकूमशाही डावीकडे जातात, भांडवलशाही (मालकी खाजगी), समाजवाद (मालकी सरकारची किंवा समाजाची), मिश्र अर्थव्यवस्था (थोडं हे थोडं ते) उजवीकडे. कम्युनिझम तेवढा रेघेच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून बसतो, कारण तिथे एकच पक्ष सरकारही धरून बसलेला असतो आणि कारखानेही, म्हणून तर गोंधळ होतो.

देशाचं नाव वाचून काही लिहायचं नाही. उत्तर कोरियाच्या अधिकृत नावात लोकशाही आहे, जनता आहे, प्रजासत्ताक पण आहे, आणि १९४८ पासून सत्तेत कोण तर आजोबा, मग मुलगा, आता नातू.

डावीकडचा रकाना भरायला मी एकच प्रश्न विचारतो, खुर्चीवरचा माणूस नकोसा झाला तर काढायचा कसा? आपल्याकडे १९९९ मध्ये वाजपेयींचं सरकार लोकसभेत एका मताने पडलं, २६९ विरुद्ध २७०, ही झाली संसदीय लोकशाही, सभागृहाचा विश्वास गेला की घरी जा. अमेरिकेत तसं नाही, राष्ट्राध्यक्ष ४ वर्षांसाठी वेगळा निवडून येतो, त्याला मध्येच काढायचं तर महाभियोग (म्हणजे संसदेत चालणारा खटला) आणि सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, दोन तृतीयांश मतं लागतात, आणि आजवर या मार्गाने एकही राष्ट्राध्यक्ष पदावरून गेलेला नाही (निक्सनने १९७४ मध्ये स्वतःच राजीनामा दिला). इराणमध्ये मतदान होतं, रांगा पण लागतात, पण कोण उभं राहू शकतं ते १२ जणांची पालक परिषद ठरवते आणि सगळ्यांच्या वर सर्वोच्च नेता, त्याला मतपेटीतून हलवता येत नाही. मग डावीकडे काय लिहायचं ते तुम्हीच बघा.

राजा दिसला की लगेच राजेशाही लिहून मोकळं होऊ नका हं. ब्रिटन, जपान, नॉर्वेत मुकुट आहे पण कारभार निवडून आलेल्यांचा, सौदीत मात्र राजा खरोखर राज्य करतो. आपल्याकडे तर साताऱ्याकडच्या औंध संस्थानच्या राजांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, १९३९ मध्येच राज्यघटना देऊन सत्ता प्रजेकडे सोपवली होती, मुकुट होता पण कारभार रयतेचा.

आता उजवीकडे, इथे खरी मजा आहे. जमीन कोणाची, कारखाना कोणाचा, भाव कोण ठरवतं, हे तीन वेगवेगळे विचारा, कारण उत्तरं एकसारखी येतीलच असं नाही. चीनमध्ये १९७८ नंतर खाजगी कंपन्या वाढल्या, अब्जाधीश झाले, पण शहरातली जमीन अजून सरकारची, घर घेतलं तरी जमीन वापरायचा हक्क ७० वर्षांचा मिळतो. सिंगापूरला सगळे खुल्या बाजाराचं उदाहरण म्हणून दाखवतात आणि तिथली जवळपास ८० टक्के जनता सरकारने बांधलेल्या घरांत राहते. स्वीडनला उगाच समाजवादी म्हणतात, तिथे कंपन्या बहुतेक खाजगीच, फक्त टॅक्स भरपूर घेऊन शाळा, दवाखाना सरकार बघतं, त्याला कल्याणकारी राज्य म्हणायचं.

आणि भारत? १९७६ मध्ये घटनेच्या प्रास्ताविकेत 'समाजवादी' शब्द आला, १९९१ मध्ये बाजार खुला केला, शब्द तसाच राहिला. मिश्र म्हणजे काय ते बघायचं तर चहातली साखर बघा. ऊस शेतकऱ्याच्या खाजगी रानातला, त्याचा किमान दर (एफआरपी) केंद्र सरकार ठरवतं, कारखाना बऱ्याचदा सहकारी म्हणजे सभासदांचा, ना शेठचा ना सरकारचा, प्रवरानगरला विठ्ठलराव विखे आणि धनंजयराव गाडगीळांनी १९५० च्या सुमारास सुरू केला तसा, आणि साखर शेवटी विकली जाते बाजारात. एका चमच्यात तीन प्रकार.

भाचीला मी आता व्हॅटिकन भरायला दिलंय. पोप निवडून येतो, मतं देणारे ८० वर्षांखालचे कार्डिनल (चर्चचे वरिष्ठ धर्मगुरू), पण एकदा आला की कायदा, कारभार, न्याय सगळं त्याच्याच हातात. तिने आधी लोकशाही लिहिलं, मग खोडलं, सध्या पान कोरंच आहे.