रोड करा, पण ओटा बुडवू नका

तीस वर्षं थापी हातात आहे. वर्धा जिल्ह्यातल्या किती गल्ल्या सिमेंटच्या केल्या, हिशेब नाही. एक काम मात्र टोचतं. आमच्याच गल्लीत जुना रोड न खोदता वर आठ इंचांचा थर ओतला. दीड फुटाचे ओटे दहा इंचांचे झाले. म्हाताऱ्या माणसाला बसलं की उठवेना, पावसाळ्यात पाणी ओसरीत. दोन उन्हाळ्यांत संध्याकाळची गल्ली ओस पडली.

तेव्हा आधी जुना थर खोदून काढा. अंदाजपत्रकात खोदाई आहे का, ते ग्रामसभेतच विचारा. मिक्सर फिरायला लागला की कोणी ऐकत नाही.

भिंतीपासून भिंतीपर्यंत सिमेंट नको. ट्रॅक्टरची ट्रॉली दहा फुटांत आरामात निघते. कडेला गट्टू बसवा, नाली झाकून घ्या. रुंद गुळगुळीत रोड दिसला की पोट्टे मोटरसायकली पिदडतात. सॅन फ्रान्सिस्कोत डोनाल्ड ॲपलयार्ड नावाच्या नगररचनेच्या अभ्यासकानं मोजलं होतं म्हणे, पुतण्यानं सांगितलं: दिवसाला २,००० गाड्यांच्या रस्त्यावर माणशी सरासरी ३ मित्र, १६,००० गाड्यांच्या रस्त्यावर एकही पुरता नाही. आपल्याकडे सोळा हजार कशाला, सायलेन्सर काढलेल्या चार पुरतात.

ओटा सोळा ते अठरा इंच उंच. रुंदी दोन फूट, म्हणजे मधे सुपडं राहतं. गल्ली उत्तर-दक्षिण असेल तर पश्चिमेकडच्या घरांना पाठ लावून बांधा, चारनंतर सावली तिथंच पडते. वर काळा कडप्पा अजिबात नको. मे महिन्यात दिवस बुडाला तरी चटका देतो. कडुनिंब लावा, पण बुंध्याभोवती तीन फूट माती उघडी सोडा.

आणि जागा. मी एक झकास ओटा पानठेल्यासमोर बांधला. घरची म्हणाली, "आता तुम्हीच बसा तिथं सरगुंडे वळत." खरं होतं. काडीवर कणकेचे सरगुंडे वळतात त्या बायका, आणि त्यांना नळाजवळ, घराच्या हाकेवर जागा लागते. तेव्हापासून मी दोरी लावायच्या आधी बायकांना विचारतो.

आमच्या गल्लीतला तो थर अजून तसाच आहे. यंदा मी माझ्यापुरता ओटा विटांचे दोन थर देऊन उचलला. परवा समोरच्या काकू येऊन बसल्या, हातानं उंची मापली आणि विचारलं, "सिमेंट किती बॅगा लागलं जी?"