घराचं रिनोव्हेशन काढताय? कॉन्ट्रॅक्टरच्या बाबतीत या चुका टाळा

आमच्या बाथरूमला नवीन टाइल्स बसून महिना पण झाला नव्हता आणि खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या, त्यांच्या छताला पिवळा डाग, पोपडे सुटलेले. वॉटरप्रूफिंगचे पैसे आम्ही पूर्ण दिले होते पण ते काम चालू असताना घरी कोणीच नव्हतं, आणि आता कॉन्ट्रॅक्टर फोन उचलेना. टाइल्स फोडल्या तर खाली केमिकलचा एक हात सुद्धा मारलेला नाही, नुसता सिमेंटचा माल.

म्हणून पहिलं हेच सांगते, जे काम झाकलं जाणार आहे ते झाकायच्या आधी स्वतः बघा. वॉटरप्रूफिंग झालं की पाण्याची वाट बंद करून बाथरूममध्ये निदान ४८ तास पाणी साठवून ठेवा, खालच्यांच्या घरी जाऊन छत बघा, मगच टाइल्स. मिस्त्री म्हणेल दोन दिवस फुकट जातील, जाऊ देत. वायरिंग आणि पाइपचे फोटो पण भिंत बुजवायच्या आधीच काढा.

प्लायचं पण तेच, एकदा लॅमिनेट चिकटवलं की आत काय आहे ते कळत नाही. किचनला आयएस ७१० (पाण्यात टिकणाऱ्या प्लायचं भारतीय मानक) चा वॉटरप्रूफ प्लाय ठरतो आणि येतो साधा कमर्शियल, त्यामुळे कापायच्या आधी शीटवरचा शिक्का वाचा.

कोटेशनमध्ये "बाथरूम काम, एकूण इतके" एवढंच लिहिलं असेल तर सही करू नका. ब्रँड, ग्रेड, जाडी, मोजमाप सगळं लिहून घ्या.

सुरुवातीलाच निम्मे पैसे देऊन टाकणं ही आमची सगळ्यात मोठी चूक, कारण पैसे हातात पडले की माणसं दुसऱ्या साइटवर जातात. थोडा ॲडव्हान्स द्या, पुढचे पैसे काम बघून, आणि निदान १० टक्के काम संपल्यावर महिनाभर हातात ठेवा, हे आधीच कागदावर ठरवा.

"बिल नको, १८ टक्के जीएसटी वाचेल" याला तर अजिबात भुलू नका. फसलात तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करता येतो, जिल्हा ग्राहक आयोगात २ वर्षांच्या आत तक्रार करता येते, दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी पण नाही, पण तिथे पुरावा लागतो. आम्ही सगळे पैसे रोख दिले होते, साधी पावती पण नव्हती.