ग्लेझ्ड डोनटचे पोषणमूल्य वाचताना या चुका टाळा

डोनटवरची साखरेची चकाकी आधी डोळ्यांत भरते, म्हणून सगळा दोष साखरेच्या माथी मारला जातो. पहिली चूक इथेच होते. यीस्टने फुगवलेल्या, सुमारे 60 ग्रॅमच्या डोनटमध्ये अंदाजे 14 ग्रॅम फॅट, 31 ग्रॅम कर्बोदके आणि 4 ग्रॅम प्रथिने असतात. एक ग्रॅम फॅट 9 कॅलरी देते. कर्बोदके आणि प्रथिने प्रत्येकी 4. म्हणजे 126, 124 आणि 16, एकूण 266 कॅलरी. जवळजवळ निम्मी ऊर्जा फॅटची, आणि त्यातले बरेचसे तळताना शोषलेले तेल. ग्लेझ खरवडून टाकले तरी ते तेल आतच राहते.

दुसरी चूक मला जास्त काळजीची वाटते. लेबलवर ‘साखर 12 ग्रॅम’ वाचून हायसे वाटते, पण उरलेल्या कर्बोदकांत बहुतेक मैद्याचा स्टार्च असतो. त्याचेही पचनात ग्लुकोजच होते. तंतू जेमतेम एक ग्रॅम, त्यामुळे त्याला फारसा अडसर नसतो. मधुमेह असेल तर साखरेची ओळ सोडून एकूण कर्बोदकांची ओळ आधी वाचा. इन्सुलिनचा हिशेबही त्यावरच बसतो.

आकडे जुळत नसतील तर ते कशाचे आहेत ते पाहा. 100 ग्रॅमचे की एका नगाचे? आकडा चौपट दिसत असेल तर तो बहुधा किलोज्यूलमध्ये आहे, 4.184 ने भागा. केक डोनट (यीस्टऐवजी बेकिंग पावडरने फुगवलेला) घट्ट आणि अनेकदा जड असतो, त्याला यीस्टवाल्याचे आकडे लावू नका.

‘ट्रान्स फॅट 0’ यावरही लगेच विसंबू नका. अमेरिकेसारख्या देशात एका सर्व्हिंगमध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी असेल तर शून्य छापता येते. घटकांच्या यादीत ‘अंशतः हायड्रोजनीकृत तेल’, म्हणजे ट्रान्स फॅटचा मुख्य स्रोत, आहे का ते शोधा, आणि संतृप्त फॅटची ओळ वगळू नका.

घरी तळत असाल तर तेल 180 अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवा. ते फार थंड झाले की डोनट कढईत जास्त वेळ राहतो आणि तेलकट होतो. नक्की किती तेल गेले ते कळायला तळण्याआधी आणि तेल गार झाल्यावर त्याचे वजन करा. आलेल्या फरकाला नगांच्या संख्येने भागा.