बारा वर्षं जुन्या बिलाचा वसुलीवाला फोन आला तर

गणपतीच्या आधी आठ दिवस आमच्या देवगडच्या घरी आईला फोन आला. ती पडवीत बसून समया चिंचेने घासत होती, हात भरलेले म्हणून फोन स्पीकरवर टाकून बाजूला ठेवलेला. समोरचा माणूस हिंदीतून बोलत होता की तुमच्या मिस्टरांच्या नावावर फोनचं बिल बाकी आहे, २०१२ चं, तेव्हा दोन हजार तीनशे होतं ते आता व्याज धरून अकरा हजार आठशे झालंय, आज पाच वाजेपर्यंत साडेचार हजार टाकले तर फाईल बंद, नाहीतर केस आणि मग पोलीस गावात चौकशीला येतील. बाबांना जाऊन तेव्हा आठ वर्षं झालेली. आईने मला मुंबईला फोन केला तो रडतच, म्हणाली आमी कोणाचे पैशे बुडवूक नाय, तू आधी टाक पैसे, गणपतीच्या तोंडावर दारात पोलीस नको.

मी टाकणार होतो, खरं सांगतो. साडेचार हजारात आई शांत झोपत असेल तर जाऊदे असं वाटलं. पण जो यूपीआय नंबर आलेला तो कुठल्यातरी माणसाच्या नावावर होता, कंपनीच्या नाही, तिथे मी थांबलो. नंतर गावी गेल्यावर वकिलांकडे बसून सगळं नीट समजून घेतलं, तेच इथे लिहितोय, कारण आमच्या वाडीत त्याच महिन्यात अजून दोन घरांत असेच फोन आलेले आणि एका घरातून पैसे गेलेसुद्धा.

पहिली गोष्ट, फोनवर काहीही कबूल करायचं नाही. हो बाकी असेल, बघतो, पुढच्या महिन्यात देतो, थोडे कमी करा, यातलं एकही वाक्य नाही. "तुम्ही कोण, कुठल्या कंपनीकडून, नाव काय, कागद पाठवा" एवढंच विचारायचं आणि ठेवून द्यायचा. आधार नंबर, पॅन, बँकेचा नंबर, ओटीपी काही द्यायचं नाही, आणि "पत्ता कन्फर्म करा" म्हणाले तरी द्यायचा नाही, ज्याचं खरंच येणं आहे त्याच्याकडे पत्ता असतोच. फोनची तारीख, वेळ, नंबर वहीत लिहून ठेवा. आईने ते कालनिर्णयच्या मागच्या पानावर लिहिलं, तेही चाललं.

आता मुदतीचं समजून घ्या, सगळं यावर आहे. आपल्याकडे मुदत कायदा आहे, १९६३ चा. साधं बिल, हातउसने, क्रेडिट कार्ड, पर्सनल लोन अशा पैशांसाठी कोर्टात दावा लावायला साधारण तीन वर्षं मिळतात. बिल भरायची शेवटची तारीख १० जून २०१२ असेल आणि त्यानंतर तुम्ही काही भरलं नाही, काही लिहून दिलं नाही, तर जून २०१५ ला मुदत संपली. मुदत संपल्यावर देणं पुसलं जात नाही बरं का, तो मागू शकतो, पण कोर्टातून वसूल करू शकत नाही. त्याच कायद्याचं कलम ३ असं आहे की समोरच्याने मुद्दा काढला नाही तरी मुदतबाह्य दावा कोर्टाने फेटाळायचा असतो.

पण मोजताना एक गडबड होते ती कोविडची. सुप्रीम कोर्टाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीच्या मोजणीतून वगळलाय. म्हणजे ज्याची तीन वर्षं १५ मार्च २०२० च्या आधीच संपली होती त्याला काही फरक नाही, पण २०१७ च्या मार्चनंतरचं आणि २०२० च्या मार्चआधीचं देणं असेल तर तीनऐवजी जवळपास पाच वर्षं धरून चाला आणि तारखा वकिलाला दाखवा, स्वतः बोटावर मोजून निर्धास्त बसू नका.

आणि खरा सापळा आहे तो मुदत परत चालू होण्याचा. तीन वर्षं संपायच्या आत तुम्ही सही करून देणं मान्य केलं (कलम १८) किंवा थोडे पैसे भरले आणि त्याची लेखी नोंद तुमच्या हातची किंवा सहीची असली (कलम १९) तर तिथून नवीन तीन वर्षं मोजायला लागतात. तीन वर्षं उलटून गेल्यावर नुसते पाचशे रुपये भरल्याने मेलेला दावा उठत नाही, पण "मी ही रक्कम देईन" असं सहीनिशी लिहून दिलंत तर १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे तो नवा करार होतो आणि त्यावर दावा चालतो. म्हणून हे लोक "एक छोटं लेटर सही करून पाठवा, मग डिस्काउंट देतो" म्हणतात. ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅपवरसुद्धा असं काही लिहू नका, तेही कोर्टात पुरावा म्हणून पुढे येतं.

तीन वर्षांचा नियम सगळ्याला लावू नका मात्र. घर किंवा जमीन गहाण असेल तर बारा वर्षं. कोर्टाचा हुकूमनामा, म्हणजे पैसे द्या असा निकालाचा आदेश, आधीच झाला असेल तर त्याची अंमलबजावणी बारा वर्षांपर्यंत. पतसंस्थेचं कर्ज असेल तर पहिला प्रश्न "१०१ चा दाखला झालाय का", कारण सहकार कायद्याच्या त्या कलमाखाली उपनिबंधकांकडून वसुली दाखला निघतो आणि त्यावर थेट जप्ती येऊ शकते, तिथे घरी बसून तीन वर्षं मोजत राहिलात तर फसाल. जामीनदार असलात तरी तसंच. आणि चेक दिलेला असेल, तो परत गेला असेल तर तो प्रकार फौजदारी आहे, त्याच्या मुदती दिवसांत असतात, नोटीस आली की त्याच दिवशी वकील गाठा.

लाईटबिलाचं वेगळं, आणि आपल्याकडे हे फार होतं, कारण अर्धी घरं वर्षभर बंद. बिल कडीत खोचून जातात, पावसात त्याचा लगदा होतो, आपण मे महिन्यात येतो तेव्हा थकबाकी. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे कनेक्शन तोडायच्या आधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, आणि जी रक्कम पहिल्यांदा देय होऊन दोन वर्षं उलटली ती वसूल करता येत नाही, पण ती प्रत्येक बिलात थकबाकी म्हणून सतत दाखवत आले असतील तर करता येते. म्हणून मागची बिलं काढून बघा थकबाकीच्या रकान्यात काय आहे ते. बंद घराचं लाईटबिल मात्र भरून टाकावं असं मला वाटतं, मीटर परत घ्यायचा त्रास त्यापेक्षा जास्त.

वारलेल्या माणसाचं देणं हा आमचा मुद्दा होता. वडिलांचं देणं मुलाच्या पगारातून वसूल होत नाही. वारसाला त्यांच्याकडून जे मिळालं, घर, जमीन, बँकेतले पैसे, तेवढ्यापुरतीच जबाबदारी, आणि तीही मुदतीत असलेल्या देण्याची. फोनवर आईला "तुम्ही वारस आहात म्हणून तुम्हीच जबाबदार" असं सांगितलेलं, आणि ती बिचारी मान डोलावत होती. तेव्हा वारस म्हणून कुठेही सही करू नका, मृत्यू दाखल्याची झेरॉक्ससुद्धा लेखी मागणी आल्यावरच, कंपनीच्या खऱ्या पत्त्यावर पाठवा.

कागद आलाच तर उत्तर लेखी द्या, स्पीड पोस्टाने, पावती जपून. आम्ही असं लिहिलं: "आपला अमुक तारखेचा फोन किंवा पत्र मिळालं. सदर रक्कम मला मान्य नाही. मूळ बिल, करार, कनेक्शन बंद झाल्याची तारीख, शेवटच्या भरण्याची तारीख, व्याजाचा हिशोब आणि आपल्याला वसुलीचा अधिकार देणारं पत्र पाठवावं. ही मागणी मुदतबाह्य आहे असं माझं म्हणणं आहे. हे पत्र म्हणजे कोणत्याही देण्याची कबुली नाही. यापुढे फक्त लेखी संपर्क करावा." शेवटून दुसरं वाक्य विसरू नका. दिल्लीबिल्लीचा पत्ता असेल तर सोबत इंग्रजी कागदही जोडा. मूळ एक एजन्सी, तिच्याकडून यादी दुसरीकडे, असं फिरत आलेलं असतं, बऱ्याचदा त्यांच्याकडे नाव, नंबर आणि रक्कम यापलीकडे काही नसतं, मग कागद मागितला की पुढे गप्प.

पण कोर्टाचं समन्स आणि वकिलाची नोटीस यातला फरक ओळखा. वकिलाची नोटीस म्हणजे नुसतं पत्र, लेटरहेडवर तराजू छापलेला असला तरी. समन्सवर कोर्टाचा शिक्का, केस नंबर, हजर राहायची तारीख असते, आणि प्रत्येक केसला असतो तो सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर मिळाला की ई-कोर्ट्सच्या साईटवर दोन मिनिटांत कळतं केस खरी का ते. खरी असेल तर जायचंच, मुदत संपलीय म्हणून घरी बसायचं नाही. एकतर्फी निकाल लागला की तो उठवायला साधारण तीस दिवस, आणि मग मुंबईहून रजा काढून फेऱ्या.

लोकअदालतीची नोटीस आली की लोक सगळ्यात जास्त घाबरतात. दावापूर्व लोकअदालत म्हणजे केस झालेलीच नाही, दोघांनी मान्य केलं तर तडजोड, न गेल्यास अटक वगैरे काही नाही. पण तिथे जाऊन सही केलीत तर तो निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा, त्यावर अपील नाही. जुनं मुदतबाह्य बिल निम्म्यात मिटतंय म्हणून खुशीत सही करून आलेला माणूस मी बघितलाय, ते कोर्टातून वसूल होणारच नव्हतं हे घरी आल्यावर त्याला कळलं.

बँक किंवा फायनान्सवाल्यांचे एजंट असतील तर रिझर्व्ह बँकेचे नियम स्पष्ट आहेत: सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन नाही, धमकी नाही, चारचौघांत अपमान नाही, नातेवाईक शेजाऱ्यांना त्रास नाही. दारात आला तर ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र मागायचं, नसेल तर पायरीवरूनच परत. आधी बँकेकडे लेखी तक्रार, तीस दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, त्याचा नंबर १४४४८. पैसे फसवून गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला १९३० वर फोन, जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात. पोलिसांची धमकी दिली तर आपणच पोलीस ठाण्यात जाऊन तक्रार नोंदवायची, बिल थकलं एवढ्यावर कोणाला अटक होत नाही.

सिबिलवर, म्हणजे आपल्या कर्जाची नोंद ठेवणाऱ्या कंपनीच्या रिपोर्टवर, जुनं नाव आलंय का ते एकदा बघा, वर्षातून एक रिपोर्ट फुकट मिळतो. चूक असेल तर तक्रार करा, तीस दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढे दिवसाला शंभर रुपये भरपाई आहे. आणि देणं खरं असेल, मुदतीत असेल, तर द्या, पण कंपनीच्याच खात्यावर, रक्कम लेखी ठरवून, आणि नो ड्यूजचा, म्हणजे काही बाकी नाही असा, कागद हातात घेऊन. "सेटल्ड" म्हणजे कमी रकमेत मिटवलेलं आणि "क्लोज्ड" म्हणजे पूर्ण भरलेलं, यात फरक असतो, पूर्ण भरत असाल तर क्लोज्ड लिहून घ्या. नाक्यावरच्या दुकानदाराच्या वहीतली बाबांची उधारी मात्र आम्ही दिली, त्याला तीन वर्षं मोजायला बसलो नाही, त्याने बाबांना पावसात महिना महिना तांदूळ दिलेत.

वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, सिंधुदुर्गाचं ओरोसला, रत्नागिरीचं रत्नागिरी कोर्टात, तालुक्याच्या कोर्टातही समिती असते. बायकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे आमच्याकडे कुणालाच माहीत नव्हतं. फोनवर १५१००.

कागद प्लास्टिकच्या पिशवीत, ट्रंकेत नाही, आपल्या हवेत वाळवी आणि बुरशी एका पावसात फाईल खातात, आणि एटीएमसारख्या गुळगुळीत कागदावरच्या पावत्या तर सहा महिन्यांत कोऱ्या होतात. सगळ्याचे फोटो काढून घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा. आमच्या पत्राला आजपर्यंत उत्तर आलेलं नाही. शिमग्याला परत एक फोन आलेला, एजन्सी दुसरी, रक्कम तेरा हजार. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, कागद धाडा, आणि ठेवून दिला.