गुपित न सांगता ओळख कशी पटवावी

पासवर्ड टाकून ओळख पटवली की तपासणाऱ्याच्या हातीही तो पडतो. गुपित आपल्याला माहीत आहे एवढेच पटवून ते स्वतःकडेच ठेवायचे असेल, तर गटसिद्धांतातला संयुग्मनाचा प्रश्न कामी येतो.

आधी तयारी. गट म्हणजे ज्यांचा आपसात गुणाकार करता येतो आणि तो उलटवताही येतो अशा घटकांचा संच. गुणाकाराचा क्रम बदलला की उत्तर बदलते असा गट घ्या. त्यातला 'ब' हा घटक सर्वांना माहीत असतो. दावेदार 'ग' हे गुपित निवडतो आणि प = ग·ब·ग′ जाहीर करतो (ग′ म्हणजे ग चा व्यस्त, ग ने केलेला गुणाकार रद्द करणारा घटक). ब आणि प यांवरून ग शोधणे, म्हणजेच संयुग्मनाचा प्रश्न सोडवणे, अवघड असले पाहिजे. सगळी भिस्त त्यावरच आहे.

आता एक फेरी:

१. दावेदार यदृच्छेने 'र' निवडतो आणि य = र·प·र′ पाठवतो.
२. य हाती आल्यावरच तपासनीस यदृच्छेने ० किंवा १ म्हणतो.
३. ० आल्यास दावेदार र पाठवतो, १ आल्यास ह = र·ग पाठवतो.
४. तपासनीस पहिल्या वेळी र·प·र′ आणि दुसऱ्या वेळी ह·ब·ह′ काढतो. दोन्हीकडे उत्तर य च यायला हवे.

तोतया एका प्रश्नाची तयारी करून येऊ शकतो, दोन्हींची नाही. म्हणून प्रत्येक फेरीत तो निम्म्या शक्यतेने निसटतो. २० फेऱ्यांत ही शक्यता १०,४८,५७६ मध्ये १ इतकी उरते.

र पुन्हा कधीही वापरू नका. एकाच र ची दोन्ही उत्तरे बाहेर गेली, तर र′·ह काढताच ग उघडा पडतो. वेण्यांच्या गटात (दोऱ्यांच्या वेण्या एकीखाली एक जोडणे हाच तिथला गुणाकार) घटक चिन्हांच्या माळेने लिहितात. तिथे र आणि ग च्या माळा नुसत्या जोडून पाठवल्या तर शेवटी ग जसाच्या तसा दिसतो. ह आधी प्रमाण रूपात (त्या घटकाच्या ठरलेल्या एकमेव लेखनात) आणा, मगच पाठवा.

खरी कसोटी गट निवडताना लागते. क्रमपर्यायांचा (वस्तूंच्या जागा बदलण्याच्या रीतींचा) गट सरावाला उत्तम, पण तिथे चक्रे (एकमेकांच्या जागी फिरणाऱ्या वस्तूंच्या साखळ्या) जुळवली की चालेल असा ग लगेच सापडतो. वेण्यांच्या गटांवर १९९९-२००० च्या सुमारास मोठी आशा होती. पुढे माळेच्या लांबीवरून गुपिताचा माग काढणारे हल्ले निघाले. एखादे उदाहरण अवघड असून भागत नाही, यदृच्छेने निवडलेली गुपितेही अवघडच निघाली पाहिजेत. म्हणून प्रत्यक्ष वापरासाठी मी आजही श्नोर यांची १९८९ ची पद्धतच सुचवीन. ती चक्रीय गटातल्या (एकाच घटकाच्या घातांनी बनलेल्या गटातल्या) विविक्त लॉगरिदमवर, म्हणजे घातावरून घातांक शोधण्याच्या अवघड प्रश्नावर, उभी आहे. मात्र १९९४ च्या शोर यांच्या रीतीने पुरेसा मोठा क्वांटम संगणक तीही मोडू शकेल.