प्रोस्टेटच्या उपचारांनंतर या चुका टाळा

प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन होतं, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी निघते, लघवी गळू लागते आणि घरोघरी पहिला उपाय तोच होतो, पाणी तोडायचं. स्वारगेटहून बस धरायची आहे म्हणून सकाळपासून घोटभरही नाही. असं अजिबात करू नका. पाणी कमी पडलं की लघवी गडद होते, मूत्राशयाला झोंबते आणि घाई उलट वाढते. त्यात बद्धकोष्ठ झालं की कुंथावं लागतं, त्या जोराने पुन्हा गळती. कमी करायचाच तर चहा करा. अमृततुल्यातला दुसरा कप सोडणं पुणेकराला जड जातं, पण कॅफिनने लघवीची घाई वाढते.

व्यायामातही गफलत होते. पुष्कळजण श्वास रोखून पोट आणि मांड्या आवळतात. खरा स्नायू वेगळा आहे, गॅस अडवताना आत ओढला जातो तो. ५ सेकंद आवळा, तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडा. असं १० वेळा, दिवसातून तीनदा. खुर्चीतून उठताना, खोकताना, भाजीची पिशवी उचलताना आधी आवळा, मग हला. लघवी मध्येच थांबवून रोज सराव मात्र नको, मूत्राशय नीट रिकामं होत नाही. कॅथेटर असेपर्यंत तर हा व्यायामच नको. बहुतेकांची गळती वर्षभरात बरीच कमी होते. वर्षानंतरही पॅडवर पॅड लागत असतील तर ‘वय झालं’ म्हणून गप्प बसू नका, त्यावर शस्त्रक्रियेचे उपाय आहेत.

रेडिएशन झालेल्यांना शौचातून रक्त आलं तर मूळव्याध समजून मलम लावत बसू नये. हा त्रास काही वर्षांनीही उद्भवू शकतो. तपासणाऱ्या डॉक्टरांना रेडिएशन झाल्याचं आधी सांगा.

ताठरतेविषयी तर कोणी बोलतच नाही. ऑपरेशनमध्ये नसा वाचवल्या तरी त्या सावरायला दीड-दोन वर्षं लागू शकतात. तोवर मित्राने दिलेली गोळी परस्पर घेऊ नका. हृदयासाठी सॉर्बिट्रेट चालू असेल तर रक्तदाब एकदम कोसळून जिवावर बेतू शकतं. बायकोशी बोला. तुम्ही अंग का चोरताय हे तिला कळत नाही आणि ती मनातल्या मनात झुरत राहते.

हार्मोनची इंजेक्शनं चालू असतील तर हाडं ठिसूळ होतात, स्नायू झडतात. तळजाईवर नुसतं फिरणं पुरत नाही, झेपेल तेवढं वजनही उचला.

बरं वाटतंय म्हणून पीएसए ही रक्ततपासणी चुकवू नका. शक्यतो एकाच लॅबमध्ये करा आणि जुने रिपोर्ट सोबत न्या.