बौद्धिक दिव्यांग पाल्य अठरा वर्षांचे होताना पालकांनी करावयाची तयारी

कायद्याच्या दृष्टीने आईवडील हे अपत्याचे नैसर्गिक पालक असतात ते त्याच्या वयाच्या 18 व्या वर्षापर्यंतच, ही गोष्ट अनेक कुटुंबांच्या ध्यानात येते ती बँकेत, अज्ञान (म्हणजे अल्पवयीन) मुलाच्या नावाने उघडलेल्या खात्यातून पैसे काढता येईनासे झाल्यावर. म्हणून कागदपत्रांची जुळवाजुळव सतराव्या वर्षीच सुरू करावी. व्यवहाराचे शिक्षण मात्र त्याच्या कितीतरी आधी, शक्यतो तेराव्या-चौदाव्या वर्षी सुरू व्हावे, कारण दाखला काही महिन्यांत हाती येतो, एकट्याने दूध आणण्याची सवय तेवढ्या अवधीत लागत नाही.

हे दूध आणणेच घ्या. सुरुवातीचे काही आठवडे बरोबर जावे, परंतु पिशवी आणि नोट मुलाच्या हाती असावी व दुकानदाराशी त्यानेच बोलावे. पुढे दुकानाच्या पायरीशी थांबावे, मग गल्लीच्या कोपऱ्यावर आणि शेवटी घरी. दुकानदाराला आधीच विश्वासात घेऊन सांगून ठेवावे की उरलेले पैसे मोठ्याने मोजून द्यावेत आणि मूल अडखळले तरी थोडे थांबावे. ‘कशाला त्या बिचाऱ्याला त्रास?’ असे म्हणणारे नातेवाईक भेटतीलच. त्यांचे प्रेम खरे असले तरी त्यांचा सल्ला मानू नये. बसचा प्रवास, औषधांच्या वेळा, मुलींच्या बाबतीत पाळीच्या दिवसांतील स्वच्छता हे सारे याच क्रमाने शिकवता येते. अंगाला कोणी कधी हात लावावा आणि ‘नको’ कसे म्हणावे, हे मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही स्पष्ट शब्दांत सांगावे.

कागदपत्रांत प्रथम दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र पाहावे. ते तात्पुरत्या मुदतीचे असल्यास वेळेत नूतनीकरण करून घ्यावे. मतदार यादीत नाव नोंदवण्याचा अर्ज अवश्य भरावा, कारण केवळ बौद्धिक दिव्यांगत्वामुळे मताधिकार जात नाही. आईवडिलांपैकी कोणी सरकारी सेवेत असल्यास दिव्यांग अपत्याच्या कुटुंब निवृत्तिवेतनाची नोंद हयातीतच करून ठेवावी, म्हणजे मागे राहिलेल्यांची धावपळ टळते.

कायदेशीर पालकत्वाची तरतूद राष्ट्रीय न्यास अधिनियम, 1999 मध्ये आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुविकलांगता असलेल्या सज्ञान व्यक्तीसाठी जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे, म्हणजे या कायद्याखाली पालक नेमणाऱ्या समितीकडे, अर्ज करता येतो. नियुक्त पालकाला सहा महिन्यांच्या आत त्या व्यक्तीची स्थावर मालमत्ता, इतर मत्ता आणि देणी यांची यादी समितीला द्यावी लागते आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेबही सादर करावा लागतो. मात्र प्रत्येकाला पालकाची गरज असतेच असे नाही, आणि सरसकट अर्ज करणे मला योग्य वाटत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 चा भर व्यक्तीने स्वतः किंवा इतरांसह मिळून निर्णय घेण्यावर आहे. तेव्हा जिथे आधार देऊन भागते तिथे आधारच द्यावा, आणि अर्ज करायचाच झाला तर ज्याच्यासाठी तो करायचा त्याला, समजेल अशा भाषेत, आधी विचारावे. भावंडाचे नाव पालक म्हणून सुचवायचे असेल तर त्याची, आणि त्याचे लग्न झालेले असल्यास त्याच्या जोडीदाराचीही, मनमोकळी संमती घ्यावी. दादा आहेच की, असे गृहीत धरू नये.